वहीतला तिसरा रकाना

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त,
तसेच मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य

विषय : दर शनिवारी सक्तीने घेतल्या जाणाऱ्या 'मूल्यसंस्कार वर्गा'बाबत

स.न.वि.वि.

संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या शाळेच्या मस्टरवर 28 वर्षे सही केली, तिची अब्रू चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही. तुम्ही वाचलेत की ओळखालच. सोलापुरातल्या आणखी एखाद्या शाळेला हे आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटले, तर तिने खुशाल तसे समजावे. याआधी दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचेही आले नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

मुद्दा एका वहीचा आहे. शनिवारचा हा वर्ग शाळेबाहेरचे एक मंडळ घेते, त्यांच्या ताई येऊन शिकवतात. माझी नात तुमच्याकडे सातवीत शिकते. शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या शनिवारी तिने फिकट निळ्या पुठ्ठ्याची एक वही घरी आणली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. पहिला, 'आज मी कोणती सेवा केली'. दुसरा, 'माझ्या मनात कोणती शंका आली'. तिसरा, 'घरी कोण काय म्हणाले'. रात्री जेवताना नात म्हणाली, "आजी, मघाशी तू त्या ताईंबद्दल काय म्हणालीस ते परत सांग ना, मला लिहायचंय." भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

पहिल्या रकान्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पोरांनी अंगण झाडावे, आजोबांचे पाय चेपावेत, चांगलेच आहे. दुसऱ्यापाशी मी अडते. शंका आली की हात वर करून वर्गात विचारायची, असे मी हजारो मुलांना सांगत आले. ती वहीत लिहून वर कळवायची हे नवीनच. आणि तिसऱ्याला काय म्हणू? आमच्या वर्गात चहाडी करणाऱ्याला मी बाकावर उभे करत असे.

वहीच्या शेवटच्या पानावर एक प्रार्थना छापली आहे. तिच्या दोन ओळी वाचल्या आणि पुढच्या सहा मला न बघता म्हणता आल्या. सात वर्षांपूर्वी त्या मी माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडून ऐकल्या होत्या.

आम्ही दोघी साखर पेठेत वाढलो. वडील मागावर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा जत्रा, श्रावणात उपास, यातले काही चुकवलेले मला आठवत नाही. हे पत्र नास्तिक बाईने लिहिले आहे असे उद्या कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

बहिणीचे यजमान एस.टी.त कंडक्टर होते. एका पहाटे छातीत कळ आली आणि संपले. आम्ही नातेवाईक जमलो, रडलो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आपापल्या घरी गेलो. मलाही परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तेराव्यापर्यंत तिला दोन्ही वेळचा डबा आला तो याच मंडळाकडून, जे आज तुमच्या शाळेत वर्ग घेते. कोणी तरी बाई रात्री तिच्या सोबतीला झोपायची. हे मी नाकारत नाही. आम्ही सख्ख्यांनी जे करायला हवे होते ते त्यांनी केले, आणि आज त्यांच्यावर बोट दाखवताना एक बोट माझ्याकडे वळते.

मग गुरुवार सुरू झाला. वर्षभराने गुरुवार आणि रविवार. त्यानंतर वार मोजायचे मी सोडून दिले. तिची भाषा बदलली. मंडळातले ते 'निर्मळ', बाकी सगळे 'धुळीतले'. "अक्का, तू धुळीतली गं," असे ती मला हसत म्हणायची. मीही हसायची, सोलापुरात राहून माणूस धुळीतला नसेल तर कशातला असेल! पण आईच्या वर्षश्राद्धाला ती आली नाही, कारण धुळीतल्यांच्या पंगतीला बसायचे नव्हते. तेव्हा माझे हसू गेले.

पैशाचेही सांगते. तिच्याकडे कोणीही, कधीही, एक रुपया मागितला नाही. फक्त दर पौर्णिमेला ज्यांनी समर्पण केले त्यांची नावे मोठ्याने वाचत, आणि ज्यांनी केले नाही त्यांच्या नावापाशी वाचणाऱ्या ताई जरा थांबत. तेवढेच. त्या थांबण्यात यजमानांच्या फंडाचे पैसे गेले, मग पाटल्या गेल्या. माझी बहीण भोळी नव्हती. गल्लीतली 20 जणींची भिशी ती वहीपेन न घेता सांभाळायची. 'ब्रेनवॉश' हा शब्द आता जो तो वापरतो. मला तो आवडत नाही, कारण त्यात फसलेल्या माणसालाच मूर्ख ठरवल्यासारखे होते.

शेवटी साखरेच्या गोळ्या. तिला मधुमेह. निष्ठा पूर्ण असेल तर औषध लागत नाही, असे कोणी तरी म्हणाले. गोळ्या बंद करा असे मात्र कोणी सांगितले नाही! तिने आपल्या हाताने बंद केल्या. साखर वाढली तेव्हा उत्तर तयार होते, "सेवा कमी पडली." पायाची दोन बोटे काढावी लागली हे मला पुण्याहून भाच्याने कळवले. ती स्वतः माझा फोन घेत नाही. आजही ती तिथेच आहे.

1954 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने 21 डिसेंबरला महापूर येणार आणि आपल्याला उडती तबकडी घेऊन जाणार असे धरले होते. पूर आला नाही. लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तो गट आतून पाहत होते. त्यांना दिसले ते असे की ज्यांनी नोकरी-घर सोडून सर्वस्व पणाला लावले होते, त्यांपैकी बरेच जण भाकीत फसल्यावर अधिकच जोमाने प्रचाराला लागले. बोटे गेल्यावर माझी बहीण पहिल्यापेक्षा जास्त वेळ सेवेला जाऊ लागली, तेव्हा मला ते कळले.

तुमच्यापैकी एका विश्वस्तांनी माझ्या मुलाला विचारले म्हणे, "बाईंना भजन-कीर्तनाचे वावडे कधीपासून?" त्यांना उत्तर देते.

माणसाला असे ताब्यात घेणाऱ्या गटाला इंग्रजीत 'कल्ट' म्हणतात, माझा भाचा तर आवडत्या सिनेमालाही 'कल्ट' म्हणतो. आपल्याकडे या गोष्टीला नेमका शब्द नाही. 'संप्रदाय' म्हणावे तर तो मानाचा शब्द आहे, मिळालेले पुढे देणे असा त्याचा अर्थ. 'पंथ' म्हणजे वाट. 'बुवाबाजी'त बुवा लागतो, लिंबू-अंगारा लागतो. इथे तर इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या, गोड बोलणाऱ्या ताई आहेत. शब्द नाही म्हणून वस्तू नाही असे होत नाही. माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. लोक काय मानतात ते पाहायचे नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे काय होते, पैशाचा हिशोब कोण बघतो, आणि उठून चालू लागलेल्या माणसाच्या मागे काय लागते, हे पाहायचे.

आपला जिल्हा पंढरपूरचा. शेगावची पालखी आषाढीला आपल्या शहरातून जाते, तेव्हा मीही चौकात पाण्याचे पिंप घेऊन उभी राहते. वारकरी माळ घालतो. एखाद्या वर्षी वारी चुकली तर 'पुढच्या साली या माउली' म्हणतात, त्याच्या घरी चौकशीला माणसे धाडत नाहीत. दिंडीत नवखा आला तरी विणेकरी त्याच्या पाया पडतो, तो विणेकऱ्याच्या पडतो. गड्ड्याला सात नंदीध्वज निघतात, बाराबंदीतली हजारो माणसे असतात, अक्षतांच्या वेळी तुम्ही कोणाचे म्हणून कोणी विचारत नाही. जत्रा संपली की माणूस आपापल्या मागावर, दुकानावर, शाळेत.

म्हणून जुने ते चांगले आणि नवे ते लबाड, असेही मी म्हणत नाही. पंढरीच्या देवळाचे दार दलितांना उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, ती आत जाता आले नाही म्हणूनच. पण गुरुजींना विचारता आले, भांडता आले, आणि ज्यांनी आधी विरोध केला त्यांच्याच नातवंडांनी पुढे त्या गोष्टीचा अभिमान धरला. नव्या मंडळातही असे होऊ शकते. नवा पंथ दिसला की त्यावर शिक्का मारायचा ही वाईट खोड आहे, बसवण्णांच्या लिंगायत लोकांनी तिचा त्रास भोगला आहे. एकच कसोटी मात्र नव्या-जुन्या दोघांनाही लागू, माणसाला विचारता येते की त्याला कोंडले जाते.

रॉबर्ट जे लिफ्टन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1950 च्या दशकात, कम्युनिस्ट चीनमध्ये सक्तीच्या 'विचारसुधारणे'तून गेलेल्या आणि सुटून हाँगकाँगला आलेल्या माणसांशी दीर्घ बोलणी केली आणि 1961 मध्ये आठ खुणा मांडल्या. माणसाच्या कानावर काय पडावे यावर ताबा, सतत कबुली द्यायला लावणे, आपलीच वेगळी परिभाषा, माणसाच्या अनुभवापेक्षा सिद्धान्त खरा मानणे, अशा त्या खुणा. तिथे देवाधर्माचा संबंधच नव्हता, कोंडणारे देव न मानणारे होते. आता निळ्या वहीचा दुसरा रकाना पुन्हा वाचा.

माझ्या तक्रारी अशा.

वर्ग सक्तीचा आहे. परिपत्रकात 'अपेक्षित' असा शब्द आहे, पण प्रगतिपुस्तकात 'वर्तन' या शीर्षकाखाली शनिवारची हजेरी भरली जाते, आणि त्याचा अर्थ सातवीतल्या मुलीला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतो. आपली शाळा अनुदानित आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडात स्पष्ट आहे की, राज्याची मान्यता किंवा मदत असलेल्या संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. मला कोणी संमतीपत्र दिले नाही, सुनेला दिले नाही, वर्गातल्या एकाही पालकाला दिले नाही. 'आम्ही धर्म नाही, मूल्ये शिकवतो' असे मंडळाचे म्हणणे आहे. मग शेवटच्या पानावर एका हयात व्यक्तीला 'तूच कर्ता, तूच त्राता' म्हणून हात का जोडायचे? परिपाठाला प्रार्थना आम्हीही घेत होतो. पण ज्याची प्रार्थना म्हणायची तो माणूस महिन्याअखेरीस शाळेत येऊन खुर्चीवर बसत नव्हता.

वर्ग चालू असताना शाळेचा एकही शिक्षक आत नसतो. दार लावलेले असते. या एका वाक्यावर मी दहा पाने लिहू शकते, पण शिक्षक असलेल्या कोणालाही एवढे पुरे.

गणिताच्या दोन तासिका जातात, हेही आहे.

तिसऱ्या रकान्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. मुलाने घरातले बोलणे लिहून बाहेरच्या माणसाला द्यायचे, तर त्या घरातली माणसे मुलासमोर बोलायची बंद होतात. आमच्या घरात झालेच ते. दोन शनिवार सून स्वयंपाकघरात कुजबुजू लागली, मुलगा टीव्हीचा आवाज मोठा करून बोलू लागला. घर गप्प झाले की मुलाला मनातले सांगायला एकच जागा उरते, ती म्हणजे वही. बहिणीला तिच्या माणसांपासून तोडायला यांना चार वर्षे लागली होती. मुलांच्या बाबतीत एका रकान्यात काम होते. जपानमध्ये 8 जुलै 2022 रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून झाला. मारेकऱ्याची आई युनिफिकेशन चर्च या पंथाला देणग्या देता देता दिवाळखोर झाली होती, त्याचा राग त्याने असा काढला. खुनाचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्या निमित्ताने तिथे अशा घरांत वाढलेली मुले बोलू लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भीती घालून देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा झाला, आणि भय दाखवून मुलांना धार्मिक गोष्टींत ओढणे हा मुलांचा छळच, अशा सूचना त्यांच्या आरोग्य मंत्रालयाने काढल्या.

आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला, मगच तो आला. त्यात वारी, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हात लावलेला नाही, आणि ते योग्यच आहे. साप-कुत्रा चावल्यावर उपचार अडवून मंत्र मारणाऱ्याला तो पकडतो. माझ्या बहिणीच्या गोळ्यांचे काय? ज्याने अडवले असा माणूसच तिथे सापडत नाही. फ्रान्सने 2001 मध्ये, मनाने पुरत्या ताब्यात गेलेल्या माणसाच्या दुबळेपणाचा गैरफायदा घेणे हाच गुन्हा ठरवला. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होईल. तोवर दारावर उभा असलेला राखणदार कोण? तुम्ही. शाळा.

आणि राहिले ते पाण्याचे यंत्र. मंडळाने शाळेला आर.ओ. यंत्र दिले, त्यावर पाटी लावली, आणि पुढच्याच महिन्यात शनिवार सुरू झाले. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे बघून पाहुण्यांना बोलावणारे आपले गाव. थंड शुद्ध पाण्याची किंमत मला कळते. पण चांगल्या कामाचे प्रमाणपत्र फार लांब जाते. अमेरिकेतल्या जिम जोन्स या धर्मगुरूचे 'पीपल्स टेम्पल' गोरे-काळे एकत्र बसवत होते, गरिबांना फुकट जेवू घालत होते, वृद्धाश्रम चालवत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमले आणि तो अध्यक्षही झाला. मोठी माणसे त्याच्या व्यासपीठावर बसली. घरच्यांच्या तक्रारी येत होत्या, पण एवढा चांगला माणूस, असे म्हणून त्या बाजूला पडत होत्या. पुढे तो अनुयायांना घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या गयानात गेला. 18 नोव्हेंबर 1978 ला तिथे सामूहिक आत्महत्या आणि हत्यांत 918 माणसे मेली, त्यांत सुमारे 300 मुले होती. आपले मंडळ तसे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. सगळे गट त्या टोकाला जात नाहीत, फार थोडे जातात. मी बोलते आहे ते व्यासपीठावर बसलेल्यांविषयी.

आता माझ्या मागण्या. त्या पाचच आहेत, आणि एकीलाही खर्च लागत नाही.

पालकसभा बोलावून प्रत्येक पालकाची लेखी संमती घेईपर्यंत शनिवारचा वर्ग थांबवावा. संमती न देणाऱ्याच्या मुलाला त्या वेळी गणित शिकवावे.

आतापर्यंत जमा केलेल्या सर्व निळ्या वह्या त्या त्या पालकांच्या हातात परत द्याव्यात. त्यांच्या प्रती, फोटो कोणी काढले असतील तर ते नष्ट केल्याचे लेखी घ्यावे. ही मागणी माझ्यासाठी पहिल्या क्रमांकाची आहे.

प्रगतिपुस्तकातली हजेरीची नोंद रद्द करावी.

मंडळाचा धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आणि शाळेशी झालेला करार सूचनाफलकावर लावावा. नोंदणीकृत न्यासाला हिशोब दाखवण्यात अडचण नसते. तुम्ही स्वतः विश्वस्त आहात, दरवर्षी ऑडिट करता, चेंज रिपोर्ट भरता, तुम्हाला मी काय सांगू. आणि नोंदणीच नसेल तर हे मंडळ मुलांच्या वर्गात कसे आले, हे पालकांना सांगावे.

वर्ग पुढे चालवायचाच असेल तर दार उघडे, वर्गशिक्षक आत, कोणत्याही पालकाला मागच्या बाकावर बसायची मुभा, आणि वही नाही.

तुमच्यापैकी निम्म्यांना मी ओळखते. दोघांना तर मी शिकवले आहे, आणि त्यांतल्या एकाने पाचवीत असताना 'बाई, पण असं का?' विचारून विचारून माझा अख्खा तास खाल्ला होता. मी रागावले नव्हते, हे त्याला आठवत असेल. त्याने हे पत्र सभेत वाचून दाखवावे.

बहिणीसाठीही दोन ओळी. हे कोणी तरी तिला वाचून दाखवेलच, बहुधा वाईट उदाहरण म्हणून. तुझ्या वाटणीची शेंगाचटणी दर महिन्याला कुटते, बरणी फडताळात डावीकडे असते. मागच्या दाराची कडी अजून तशीच आहे, वरून ओढली की उघडते.

आपली,
एक माजी शिक्षिका आणि सातवीतल्या मुलीची आजी
सोलापूर

ता. क. : आर.ओ. यंत्र परत करायची वेळ आली तर मुलांच्या पाण्याचे काय, असे कोणी विचारेल. माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करायचे काम माझ्याकडे द्या. पहिले 5000 रुपये माझे, पेन्शन झाली की पहिल्या आठवड्यात आणून देते. पावती हवी.